ग्रंथपालाचे शिक्षकपण : महाराष्ट्रातील महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात असलेले केंदूर हे गाव कान्होराज महाराज पाठक यांच्या समाधीमुळे वारकरी परंपरेत परिचित आहे. अशा गावात ग्रंथ ही केवळ एकट्याने वाचावयाची वस्तू राहिलेली नाही. पारायणात पोथी वाचली जाते आणि प्रवचनात तिचे निरूपण होते. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही ग्रंथ निरूपणकाराच्या द्वारे पोहोचतो. ग्रंथ जपणारा, तो वाचणारा आणि तो उलगडून सांगणारा यांच्यात या परंपरेने भिंत उभी केली नाही.

याच गावातील विद्यार्थी बारावीनंतर पाबळ, शिरूर, राजगुरुनगर किंवा पुणे येथील महाविद्यालयात प्रवेश घेतो, तेव्हा त्याची गाठ वेगळ्या व्यवस्थेशी पडते. कपाटांत वर्गांकानुसार लावलेले ग्रंथ, संगणकावरील तालिका, संदर्भ विभाग, नियतकालिके आणि सांकेतिक शब्द दिल्याखेरीज न उघडणारी ई-संसाधने त्याच्यासमोर असतात. यांपैकी कशाचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे त्याला कोणत्याही विषयाच्या तासाला शिकविले जात नाही. ते शिकविण्याची अपेक्षा ज्याच्याकडून केली जाते तो ग्रंथपाल होय. परंतु शिकवावे कसे, हे ग्रंथपालाला कोणी आणि केव्हा शिकविले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. १९११ मधील बडोद्याच्या प्रशिक्षण वर्गापासून २०१८ मधील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांपर्यंतचा कालखंड त्यासाठी विचारात घेतला आहे. या काळात ग्रंथपालाला शिक्षकाचा दर्जा क्रमाक्रमाने मिळत गेला. शिक्षकाचे प्रशिक्षण मात्र त्या गतीने मिळाले नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बडोदे : प्रशिक्षणाचा प्रारंभ

भारतातील ग्रंथालय प्रशिक्षणाचा इतिहास मराठी राज्यकर्त्याच्या संस्थानात सुरू होतो, ही गोष्ट मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तृतीय) यांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन हे मेल्विल ड्यूई यांच्या परंपरेत घडलेले होते. ड्यूई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी जगातील पहिली शाळा उघडली होती. बॉर्डन यांनी १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथालय प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातील हा पहिला वर्ग मानला जातो.

बडोद्याच्या योजनेचा हेतू गावोगावी मोफत वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालविण्याचा होता. म्हणून या वर्गाचा भर ग्रंथांची व्यवस्था, वर्गीकरण व तालिका यांवर असणे स्वाभाविक होते. तथापि, बडोद्याने ग्रंथपालांच्या सतत शिक्षणाचेही एक साधन निर्माण केले. १९१२ पासून तेथून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून निघू लागले. वर्ग संपल्यानंतर दूरच्या गावी गेलेल्या ग्रंथपालाला स्वतःच्या भाषेत व्यवसायविषयक लेखन मिळावे, ही दृष्टी त्यामागे होती. बॉर्डन परतल्यानंतर या खात्याची धुरा वाहणाऱ्यांपैकी जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी १९१९ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. सारांश, प्रशिक्षण, नियतकालिक आणि अनुभवाचे लेखन ही व्यावसायिक विकासाची तिन्ही अंगे एका संस्थानात दहा वर्षांच्या आत उभी राहिली होती.

मद्रास : शिक्षक झालेला ग्रंथपाल

१९१५ मध्ये लाहोर येथे पंजाब विद्यापीठात असा डॉन डिकिन्सन यांनी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. विद्यापीठाच्या छत्राखाली चाललेला तो भारतीय उपखंडातील पहिला वर्ग होय. मात्र महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या घडणीवर सर्वाधिक प्रभाव पडला तो मद्रासचा.

शि. रा. रंगनाथन हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. वर्गात शिकविण्याचा अनुभव घेऊन ते ग्रंथालयात आले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९२८ च्या अखेरीस चिदंबरम येथील प्रांतिक शैक्षणिक परिषदेत, म्हणजे शिक्षकांसमोर, ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रथम मांडले. १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाच्या वतीने उन्हाळी वर्ग सुरू झाला, १९३१ मध्ये तो विद्यापीठाने स्वीकारला आणि १९३७ मध्ये त्याचे रूपांतर एक वर्षाच्या पदविकेत झाले.

रंगनाथन यांनी १९४० च्या सुमारास संदर्भ सेवेवर जे विस्तृत लेखन केले, त्यात नवागत विद्यार्थ्याला ग्रंथालयाची दीक्षा देणे हे संदर्भ ग्रंथपालाचे स्वतंत्र कर्तव्य म्हणून मांडले आहे. नवागताला तालिका कशी पाहावी, ग्रंथाच्या अनुक्रमणिकेचा व सूचीचा उपयोग कसा करावा, हे सांगणे त्यांच्या दृष्टीने सौजन्याचा भाग नव्हता. तो सेवेचा पाया होता. आज ज्यास ‘माहिती साक्षरता’ म्हटले जाते, तिचे बीज या विचारात स्पष्ट दिसते. परंतु रंगनाथन यांच्याकडे अध्यापनाचे कौशल्य पूर्वीपासून होते. त्यांच्या नमुन्यावर उभ्या राहिलेल्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडणाऱ्या ग्रंथपालाजवळ ते आपोआप असेल, असे गृहीत धरले गेले. त्यामुळे कर्तव्य अभ्यासक्रमात आले आणि ते पार पाडण्याची रीत बाहेर राहिली.

मुंबई व पुणे : विद्यापीठीय पदविकांचा काळ

मुंबई विद्यापीठाने १९४० नंतरच्या दशकात ग्रंथालयशास्त्राची पदविका सुरू केली. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४८ च्या कायद्याने झाली. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जयकर ग्रंथालयाच्या आश्रयाने १९५८ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची स्वतंत्र शाळा काढली. या शाळेने महाराष्ट्रातील महाविद्यालयांना मोठ्या संख्येने महिला ग्रंथपाल दिल्या. पुढे राज्यातील अन्य विद्यापीठांतूनही हा विषय शिकविला जाऊ लागला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मराठीतून ग्रंथालयशास्त्राचा पदवी शिक्षणक्रम उपलब्ध करून दिला. तालुक्याच्या गावी राहून व्यवसायाचे शिक्षण घेण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालय प्रशासन, संदर्भ सेवा व सूचिकार्य हे या सर्व अभ्यासक्रमांचे प्रमुख आधारस्तंभ होते. प्रात्यक्षिक होते ते वर्गांक देण्याचे आणि तालिकापत्र तयार करण्याचे. अध्यापक विद्यालयातील छात्राध्यापकाला पाठ टाचण काढून निरीक्षकासमोर सराव पाठ द्यावा लागतो. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र वाचकांच्या गटासमोर उभे राहून एखादी गोष्ट शिकविण्याचा तसा सक्तीचा सराव करावा लागत नव्हता. त्या काळातील महाविद्यालयाच्या गरजा पाहता ही उणीव फारशी जाणवलीही नसावी. ग्रंथ मोजके होते, नेमलेली पाठ्यपुस्तके ठरलेली होती आणि देवघेवीच्या खिडकीपलीकडे जाण्याची मुभा विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी नव्हती. मुक्तद्वार पद्धती जेथे नाही, तेथे ग्रंथ शोधावयास शिकविण्याचा प्रश्नच निर्माण होत नाही.

दर्जाचा प्रश्न

महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या इतिहासात दर्जाचा प्रश्न प्रदीर्घ काळ केंद्रस्थानी राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथालयातील व्यावसायिक सेवकांचा दर्जा व वेतनश्रेणी अध्यापकांच्या बरोबरीने असावी, अशी शिफारस या समितीने केली. त्यामागील तर्क सरळ होता. ग्रंथपाल हा अध्यापनाच्या कार्यातील भागीदार असेल, तर त्यास कार्यालयीन सेवकांत गणणे अयोग्य होय.

या तर्काला मूर्त रूप येण्यास कित्येक वर्षे गेली. १ जानेवारी १९८६ पासून लागू झालेल्या वेतनश्रेणींत ग्रंथपालांचा विचार अध्यापकांबरोबर झाला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील ‘शिक्षक’ या संज्ञेच्या व्याख्येत महाविद्यालयीन ग्रंथपालाचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे ग्रंथपाल शिक्षक आहे किंवा नाही, हा वाद कायद्यापुरता तरी मिटला आहे.

मात्र दर्जाच्या लढ्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम झाला. समान वेतन, समान श्रेणी आणि समान सेवाशर्ती या मागण्यांत व्यवसायाची शक्ती खर्च झाली. शिक्षक म्हणून ग्रंथपालाने नेमके काय शिकवावे, कोणास शिकवावे आणि त्यासाठी त्याची तयारी कोणी करावी, हे प्रश्न मागे राहिले. शिक्षक हा शब्द सेवापुस्तिकेत आला. वेळापत्रकात मात्र तो आला नाही. बहुसंख्य महाविद्यालयांच्या वेळापत्रकात ग्रंथपालाच्या नावे आजही एकही तासिका नसते.

उद्बोधन व उजळणी वर्ग

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून देशभर अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना राबविली. नवीन अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि सेवेतील अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग असे तिचे स्वरूप होते. पुढील श्रेणीतील स्थाननिश्चितीशी हे वर्ग जोडले गेल्यामुळे त्यांस उपस्थिती लाभली. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र असे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये त्यांचे रूपांतर मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत झाले.

ग्रंथपालांच्या दृष्टीने या योजनेचे दोन विशेष नोंदविले पाहिजेत. पहिला विशेष असा की, उद्बोधन वर्गात ग्रंथपाल हा इतिहास, वाणिज्य, रसायनशास्त्र अशा विषयांच्या अध्यापकांच्या शेजारी बसला. अध्यापनाची तत्त्वे, मूल्यमापन, विद्यार्थ्यांचे मानसशास्त्र या विषयांवरील व्याख्याने त्याने त्यांच्याबरोबर ऐकली. अनेकांच्या सेवाकाळात अध्यापनशास्त्राशी आलेला हा पहिला संबंध असावा. दुसरा विशेष असा की, ग्रंथालयशास्त्राच्या उजळणी वर्गात विषय प्रामुख्याने तंत्राकडे वळले, कारण त्याच काळात ग्रंथालयाच्या दारी संगणक आला होता.

या योजनेला ग्रामीण महाविद्यालयात एक व्यावहारिक अडचण होती व ती अद्याप दूर झालेली नाही. एखाद्या विषयाचा अध्यापक तीन आठवडे बाहेर गेला तर त्याचे तास सहकारी घेऊ शकतात. छोट्या महाविद्यालयात ग्रंथपाल मात्र एकच असतो. तो गेला की देवघेव ग्रंथालय परिचराकडे जाते आणि उर्वरित सेवा थांबतात. त्यामुळे प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज ज्या महाविद्यालयाला असते, तेथील ग्रंथपालालाच कार्यमुक्त करणे प्राचार्यांना सर्वाधिक कठीण जाते. २०१८ मध्ये ‘स्वयम्’ या मंचावरून सुरू झालेल्या ‘अर्पित’ या ऑनलाइन उजळणी कार्यक्रमाने प्रवासाची व रजेची अडचण कमी केली. तथापि, शिकविण्याचे कौशल्य केवळ चित्रफिती पाहून येत नाही, ही मर्यादा तेथेही कायम राहिली.

संगणकीकरणाचे पर्व

१९९० नंतरच्या काळात ग्रंथपालांच्या व्यावसायिक विकासाची दिशा ‘इन्फ्लिबनेट’ या संस्थेने निश्चित केली. या प्रकल्पाचा पुण्याशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तो हाती घेतला, तेव्हा प्रारंभी तो पुणे विद्यापीठाच्या परिसरातील ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय केंद्राच्या अंतर्गत होता. १९९६ मध्ये त्यास स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्राचा दर्जा मिळाला. २००० मध्ये या केंद्राने ‘सोल’ ही ग्रंथालयीन संगणक प्रणाली उपलब्ध केली व तिच्या वापराचे प्रशिक्षण ग्रंथपालांना दिले. २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ योजनेद्वारे महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-ग्रंथ अत्यल्प शुल्कात मिळू लागले.

या प्रशिक्षणाचे मोल मोठे आहे. दाखलनोंदवहीपासून तालिकेपर्यंतचे ग्रंथालयाचे व्यवहार संगणकावर आणण्याचे श्रेय ज्या पिढीला जाते, ती पिढी या कार्यशाळांतून घडली. परंतु येथेच परिस्थितीचा एक विरोधाभास निर्माण झाला. ग्रंथ जोपर्यंत कपाटात होते, तोपर्यंत विद्यार्थी चुकत-माकत का होईना, ते शोधीत असे. ई-संसाधने आली तेव्हा संग्रह दृष्टीआड झाला. हजारो नियतकालिके उपलब्ध आहेत, हे सांगितल्याशिवाय कळत नाही आणि शिकविल्याशिवाय वापरता येत नाहीत. म्हणजे तंत्रज्ञानाने ग्रंथपालाचे शिकविण्याचे काम कमी केले नाही, उलट ते वाढविले. प्रशिक्षण मात्र यंत्रणा बसविण्याचे मिळाले. ती विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचे मिळाले नाही. केंदूरसारख्या गावातून आलेल्या व घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवर परीक्षेच्या नोट्स सापडतात. महाविद्यालयाने शुल्क भरून घेतलेली संसाधने त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

२०१८ चे विनियम : कर्तव्य आणि प्रशिक्षण यांतील अंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये अध्यापक व अन्य शैक्षणिक सेवकांच्या किमान अर्हता व पदोन्नतीविषयी जे विनियम प्रसृत केले, त्यांत ग्रंथपालांसाठी स्वतंत्र तक्ता दिला आहे. त्यातील कामांच्या यादीत वाचकांसाठी अल्प मुदतीचे अभ्यासक्रम तयार करणे व ते चालविणे, या कामाचा उल्लेख आहे. अभ्यासक्रमाची आखणी आणि त्याचे अध्यापन ही दोन्ही कामे यात ग्रंथपालाच्या नावे लिहिली गेली, म्हणून हा उल्लेख ऐतिहासिक दृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. रंगनाथन यांनी सांगितलेल्या नवागताच्या दीक्षेला जवळजवळ ऐंशी वर्षांनी मूल्यमापनात स्थान मिळाले.

आता त्याच विनियमांतील प्रशिक्षणविषयक अटी पाहिल्यास अंतर स्पष्ट होते. महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदासाठी ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, राष्ट्रीय वा राज्य पात्रता परीक्षा आणि ग्रंथालय संगणकीकरणाचे ज्ञान अपेक्षित आहे. पहिल्या पदोन्नतीसाठी एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि त्याबरोबर किमान पाच दिवसांचे प्रशिक्षण सांगितले आहे. या दुसऱ्या प्रशिक्षणाचा विषय संगणकीकरण व अंकीकरण हा आहे. पुढील टप्प्यावरही याच स्वरूपाच्या प्रशिक्षणाचा व ग्रंथालय उन्नयनाच्या अभ्यासक्रमाचा उल्लेख येतो. पात्रता परीक्षेच्या पहिल्या पत्रिकेत अध्यापन अभिक्षमतेवरील प्रश्न असतात, हे खरे. परंतु पर्यायांपैकी योग्य उत्तर निवडणे आणि साठ विद्यार्थ्यांसमोर उभे राहणे या भिन्न गोष्टी आहेत. अध्यापन हे काम म्हणून मोजले गेले. त्याची तयारी उद्बोधन वर्गातील सर्वसाधारण व्याख्यानांपलीकडे गेली नाही.

त्याच महिन्यात आयोगाने वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम काढले आणि विद्यार्थी व संशोधक यांच्यात जागृती करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. २०१९ च्या अखेरीस पीएच.डी. च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आवश्यक करण्यात आला. मुक्त प्रकाशन, माहितीकोश व संशोधनाची मोजमापे हे त्यातील घटक ग्रंथपालाच्या अभ्यासक्षेत्रातील आहेत. २०२२ च्या अखेरीस सर्वांच्या हाती आलेल्या संभाषक कृत्रिम बुद्धिमत्तेने, अस्तित्वातच नसलेले संदर्भ खऱ्यासारखे मांडून, पडताळणीचे शिक्षण पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत आणून ठेवले आहे. अशा रीतीने पाच वर्षांच्या आत शिकविण्याचे काम चारही बाजूंनी ग्रंथपालाकडे आले.

अन्यत्रचा अनुभव

ही समस्या केवळ महाराष्ट्राची नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉचेस्टर विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक व ग्रंथपाल ओटिस रॉबिन्सन विद्यार्थ्यांना ग्रंथालयाच्या उपयोगावर व्याख्याने देत असत. १९६० नंतर डेट्रॉइट येथील मॉन्टिथ महाविद्यालयात पॅट्रिशिया नॅप यांनी ग्रंथालयाचे शिक्षण प्रत्यक्ष विषयाच्या अभ्यासाशी जोडण्याचा प्रयोग केला. इंडियाना राज्यातील अर्लहम या छोट्या महाविद्यालयात एव्हान फार्बर यांनी अध्यापकांच्या सहकार्याने हे काम अनेक वर्षे चालविले. या प्रयोगांतून एक निष्कर्ष पुढे आला. ग्रंथालयाची माहिती एकदाच आणि सुटी दिल्यास ती टिकत नाही. विद्यार्थ्याला निबंध वा प्रकल्प लिहावयाचा असतो, त्या वेळी व त्या विषयाच्या निमित्ताने दिल्यास ती उपयोगी पडते.

१९७१ मध्ये मिशिगन राज्यात ‘लोएक्स’ ही शिकविणाऱ्या ग्रंथपालांची साहित्य-विनिमय संस्था स्थापन झाली. अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने १९९९ पासून ‘इमर्शन’ नावाचा निवासी वर्ग सुरू केला. त्याचा विषय संगणक प्रणाली नव्हता, तर अध्यापन हा होता. २००० मध्ये या संघटनेने विद्यार्थ्यांसाठी माहिती साक्षरतेची मानके प्रसिद्ध केली आणि २०१७ मध्ये शिकविणाऱ्या ग्रंथपालाच्या विविध भूमिका निश्चित करणारा दस्तऐवज स्वीकारला. भारतातही २००८ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने पतियाळा येथील पंजाबी विद्यापीठात माहिती साक्षरतेच्या प्रशिक्षकांचे प्रशिक्षण झाले. अशा वर्गांची परंपरा मात्र आपल्याकडे निर्माण झाली नाही.

दोन आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ग्रंथपालाचे काम ग्रंथ देण्याचे आहे आणि शिकविणे हे अध्यापकाचे कार्यक्षेत्र आहे. या आक्षेपाचे उत्तर कायद्याने व विनियमांनी दिलेलेच आहे. पण त्याहून महत्त्वाचे उत्तर अनुभवाचे आहे. माहितीचा शोध व तिची पारख हे कोणत्याही एका विषयाच्या अभ्यासक्रमात येत नाही. ते सर्व विषयांचे असल्यामुळे कोणाचेच राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रिक्त पदे, अपुरे सेवक आणि मूल्यांकनाच्या कागदपत्रांचा भार असताना ग्रंथपालावर आणखी एक काम लादणे न्याय्य आहे काय? हा आक्षेप नाकारता येत नाही. किंबहुना, प्रशिक्षणाशिवाय अध्यापनाची अपेक्षा करणे हाच तो अन्याय होय. नॅकच्या भेटीपूर्वी वर्षारंभी सर्व विद्यार्थ्यांना एकत्र बसवून घेतलेले एका तासाचे उद्बोधन, त्याचे छायाचित्र आणि स्वाक्षऱ्यांची यादी, एवढ्यावर हे काम संपत असेल तर त्यात ग्रंथपालाचा दोष कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. महाराष्ट्राला ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. तथापि ती प्रारंभापासून संग्रहाच्या व्यवस्थेभोवती व पुढे संगणकाभोवती फिरत राहिली.

२. ग्रंथपालाच्या शिक्षकपणाचा विचार रंगनाथन यांच्या काळापासून मांडला गेला होता. तो दर्जा व वेतन यांच्या रूपाने स्वीकारला गेला. अध्यापनाच्या तयारीच्या रूपाने नाही.

३. २०१८ नंतर अध्यापनाची कर्तव्ये लिखित स्वरूपात आली आहेत. त्यामुळे प्रशिक्षणातील ही उणीव आता केवळ वैचारिक राहिलेली नाही. तिचा परिणाम ग्रंथपालाच्या पदोन्नतीवर व विद्यार्थ्याच्या शिक्षणावर होतो.

या निष्कर्षांना धरून काही गोष्टी फारसा खर्च न करता करता येण्यासारख्या आहेत. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात वर्गांकाच्या प्रात्यक्षिकाबरोबर सराव पाठ समाविष्ट करता येतील. मालवीय मिशन केंद्रांतील उजळणी वर्गात काही दिवस अध्यापनासाठी राखून ठेवता येतील. दूरच्या केंद्रावर जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी शिरूर, खेड, दौंड अशा शेजारच्या तालुक्यांतील महाविद्यालयीन ग्रंथपालांनी महिन्यातून एक दिवस एकत्र येऊन परस्परांचे पाठ पाहावेत व त्यांवर चर्चा करावी. बडोद्याच्या नियतकालिकाप्रमाणे मराठीतून पाठांचे नमुने व स्वाध्याय यांची देवघेव व्हावी. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशाने शब्द दिले आहेत. ते वर्गात बोलले जाणे आवश्यक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पदव्युत्तर प्रथम वर्षाला आलेल्या संशोधन पद्धतीच्या विषयात काही तासिका ग्रंथपालाच्या नावे वेळापत्रकात लिहिल्या जाव्यात. हे शेवटचे काम ग्रंथपालाच्या हाती नाही. ते विषयाच्या अध्यापकाच्या व प्राचार्यांच्या हाती आहे.

केंदूरच्या शेजारी पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली, ती प्रत्यक्ष कामातून शिक्षण या तत्त्वावर. हाताने केल्याशिवाय येत नाही, हा धडा जसा वेल्डिंग वा बांधकाम शिकणाऱ्या ग्रामीण मुलाला लागू आहे, तसाच तो अध्यापन शिकणाऱ्या ग्रंथपालालाही लागू आहे. गावातील परंपरेने ग्रंथ आणि निरूपण यांची ताटातूट केली नव्हती. महाविद्यालयाने ग्रंथपालाला ग्रंथ सोपविले आहेत, शिक्षकाची श्रेणीही दिली आहे. आता निरूपणाची तयारी आणि त्यासाठी वेळापत्रकातील जागा त्यास मिळाली, तर पारायणाच्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे ग्रंथालय परके वाटणार नाही.